प्रति: ९३ टक्के जुळतंय, मग नवा विषाणू म्हणायचा का?

ब्लास्टमध्ये (ज्ञात जनुकीय क्रमांशी जुळणी शोधणारं साधन) ९३ टक्के आलं म्हणजे नवी प्रजाती, हे प्रश्नामागचं म्हणणं बेगोमोव्हायरसला (पांढऱ्या माशीतून पसरणारे वनस्पतींचे विषाणू) लागू होत नाही. तिथे प्रजातीची रेघ ९१ टक्क्यांवर आणि स्ट्रेनची (प्रजातीतल्या उपप्रकाराची) ९४ वर. म्हणजे ९३ हा जुन्याच प्रजातीचा नवा स्ट्रेन. ९४ आणि त्यापुढे फक्त आणखी एक आयसोलेट, म्हणजे त्याच स्ट्रेनचा वेगळा मिळालेला नमुना. एकाच ज्ञात आयसोलेटशी ९१ जमले तरी पुरे, बाकीच्यांशी कमी आले तरी प्रजाती तीच.

पण हे टक्के डीएनए-ए च्या (विषाणूच्या जीनोमचा मुख्य घटक) पूर्ण, साधारण २,७०० न्यूक्लिओटाइडांच्या क्रमाचे हवेत. नुसत्या कोट प्रोटीनच्या (विषाणूच्या आवरणाच्या प्रथिनाच्या) जनुकाच्या, पीसीआरने वाढवलेल्या तुकड्यावर नाव ठेवणं हा खरा घोळ, कारण या विषाणूंत रिकॉम्बिनेशन (वेगवेगळ्या विषाणूंच्या जीनोमचे तुकडे एकत्र जुळणं) भरपूर. दुसरी गफलत: जीनोम गोल असतो, त्यामुळे सगळे क्रम टीएएटीएटीटी-एसी या ठरलेल्या नऊ अक्षरी क्रमातल्या त्याच कापाच्या जागेपासून (आडव्या रेघेपाशी) सुरू केले नाहीत तर जुळणी उगाच कोसळते आणि ‘नवा विषाणू’ जन्माला येतो! टक्के ब्लास्टवरून न उचलता एसडीटीत (सिक्वेन्स डिमार्केशन टूल) जोडीजोडीने काढा.

देश, ठिकाण, वर्ष हे आयसोलेटच्या चौकटी कंसात जातं. टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली व्हायरस हे विषाणूचं नाव. प्रजाती म्हणून आता बेगोमोव्हायरस सोलॅनमडेल्हिएन्स, तिरक्या अक्षरांत.