ड्रायव्हरच्या बाजूचा व्हायझर वर राहतच नाही, रिपेअर होतो का?

फेरीधक्का:
नमस्कार मंडळी. गाडी 2013 ची हॅचबॅक, बाबांकडून माझ्याकडे आलेली. चवथीच्या सुमारास ड्रायव्हरच्या बाजूचा सन व्हायझर, म्हणजे ऊन अडवणारी फळी, सैल व्हायला लागला आणि आता तर वर टेकवून हात काढायची खोटी, लगेच खाली. आरशाकडच्या हुकात टोक नीट अडकतं, त्याची तक्रार नाही. पण फळी दांड्याभोवती गरगर फिरते आणि नाकासमोर लोंबते. खड्डा आला की हमखास, आणि खड्डे किती येतात ते तुम्हाला सांगायला नको. बाणस्तारीच्या पुलाआधी पुढे ट्रक आणि मध्ये ही फळी, अशा वेळी एका हाताने फळी धरायची, दुसऱ्याने स्टिअरिंग. गिअरला तिसरा हात कुठून आणू?

राहते रायबंदरला, नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, लॅबमध्ये. सकाळी साडेसातला निघते. जुनं गोवं सोडल्यापासून भोमपर्यंत ऊन थेट डोळ्यांत. त्यामुळे "काढून टाक ना सरळ" हा घरच्यांचा सल्ला बाद. माझी उंची पाच फूट, व्हायझर पूर्ण खाली असला तरच सूर्य झाकला जातो. संध्याकाळी मुलाला तबल्याच्या क्लासला पणजीत न्यायचं असतं, तेव्हा रायबंदरच्या कॉजवेवर (पाण्यालगतच्या जुन्या बांधावरचा रस्ता) तीच गत, वर मांडवीच्या पाण्यावरून येणारी चमक.

करून पाहिलेलं: डबल साइडेड टेप. दुपारभर उन्हात उभ्या गाडीत त्याचा डिंक पातळ झाला आणि छताला डाग पडला. रबर बँडचं काय झालं ते विचारू नका. शोरूममध्ये म्हणाले, पार्ट मागवावा लागेल, राखाडी येईल, बेज आता येत नाही. (आतून सगळी गाडी बेज आहे.) तरी मागवून ठेवलाय. आमच्या मेस्ताने, म्हणजे गॅरेजवाल्याने, एकदा फिरवून पाहिला आणि निकाल दिला, "बाय, हें रिपेर जायना, नवें घाल."

तर खरंच रिपेअर होत नाही का? आणि डावीकडचा व्हायझर धडधाकट आहे, तिथे फारसं कोणी बसत नाही. तोच काढून उजवीकडे लावला तर?

म्हापसेकार_मामा:
डावा उजवीकडे बसत नाही. दांड्याचा वाक उलटा असतो, हुकात अडकणारं टोकही उलट्या बाजूला येतं. जबरदस्तीने स्क्रू मारलेत तर आरसा तुमच्याकडे न राहता काचेकडे तोंड करून बसेल. त्यापेक्षा राखाडी घाला, गाडी चालवताना वर कोण बघतो?

पात्रांव77:
व्हायझरची भानगडच नको. पुढच्या काचेला वरून वीतभर काळी फिल्म मारून घ्या. माझ्या मावसभावाने मारलीय, मस्त थंड वाटतं.

कागदपत्रंवाली:
पात्रांव, मावसभावाला सांगा नाक्यावर जरा जपून. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बंदी घातली, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के, बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत यायला हवा. आणि कायदा जाऊ दे, पावसाळ्यात संध्याकाळी त्याच काळ्या पट्टीतून सिग्नल शोधायचा असतो. ऊन गेलं की व्हायझर वर करता येतो. पट्टीला काय करणार?

कुशनवर्क_मडगाव:
बाय, मी सीट कव्हर आणि छताच्या लायनिंगचं काम करतो. व्हायझर सारखे येतात माझ्याकडे. मेस्ताचं अर्धं बरोबर आहे. कंपनी आतला सुटा पार्ट देत नाही, अख्खा व्हायझरच विकते, म्हणून गॅरेजवाले त्याला हात लावत नाहीत.

आधी दोष कुठे आहे ते बघा. फळी हुकातून सोडवा आणि दांडा जिथे छतात शिरतो तिथे धरून हलवा. दांडाच डुगडुगत असेल तर छताकडचे स्क्रू ढिले झालेत, नाहीतर तिथली प्लास्टिकची बैठक फुटलीय. बैठकीवरचं झाकण अलगद उचकटा, आत दोन-तीन स्क्रू दिसतील. काही गाड्यांत साधे प्लसचे, काहींत चांदणीच्या आकाराच्या खाचेचे. चांदणीवाल्यांना टॉर्क्सचा बिट लागतो. साधा स्क्रूड्रायव्हर कोंबून डोकं झिजवलंत तर तो स्क्रू काढता काढता लायनिंग फाटेल आणि मग व्हायझर राहील बाजूला, छताचं बिल येईल.

दांडा घट्ट आणि फळी तेवढी सैल, असं असेल तर दोष फळीच्या पोटात. तिथे स्प्रिंगच्या पोलादाची वाकवलेली क्लिप दांड्याला चिमटीत धरून असते. दांडाही पूर्ण गोल नसतो, एका बाजूने चपटा केलेला असतो. ती चपटी बाजू क्लिपखाली आली की फळी टक् करून वर बसते. ती टक् पूर्वी यायची, आता येत नसणार. म्हणजे क्लिपचा ताण गेला, किंवा क्लिप ज्या प्लास्टिकच्या खोबणीत बसते ती तडकली. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत प्लास्टिक ठिसूळ होतंच. आपल्याकडे वर खारी हवा आणि पावसाळाभर बंद काचांतला दमटपणा, त्यामुळे क्लिप गंजलेलीही निघते. आणि टॅक्सीवाल्यांच्या व्हायझरचं तर विचारूच नका. पीयूसी, पावत्या, देवाचे फोटो, चष्मा, गुटख्याची पुडी, सगळा संसार त्या फळीवर, मग क्लिप किती दिवस धरणार?

खोबणी फुटली असेल तर नवा घ्या, वाद नको. नुसता ताण गेला असेल तर मी असं करतो. दांड्याच्या बाजूची फळीची वरची कड चार बोटं उसवायची. काही फळ्या चिकटवलेल्या असतात, त्या पातळ पात्याने सोडवायच्या. दांडा ओढून बाहेर काढायचा, पक्कडीने क्लिप जरा आवळायची. मग दांड्यावर श्रिंक स्लीव्ह चढवायची, वायरिंगवाले वापरतात तीच, आणि गरम हवा मारायची. ती दांड्याला घट्ट बसते, दांडा केसभर जाड होतो, क्लिपला पकड मिळते. एकच थर. दोन चढवलेत तर फळी फिरवताना क्लिप मोडते. मग कड रबरी अॅढेसिव्हने चिकटवून रात्रभर दाबून ठेवायची.

आरशाजवळ दिवा असेल तर त्याची वायर बऱ्याचदा दांड्याच्या पोकळीतून येते. अशा वेळी दांडा ओढायचा नाही, आधी छताकडचा कनेक्टर सोडवायचा.

फेविक्विक दांड्यावर ओतणारेही येतात माझ्याकडे. फळी जिथे असते तिथेच गोठते आणि त्यानंतर माझाही इलाज चालत नाही.

काम होईपर्यंत वेल्क्रोच्या खरखरीत बाजूचा तुकडा फळीच्या मागे दोन टाके घालून शिवा, चिकटवू नका. छताचं कापड लवदार असेल तर ती बाजू त्याला आपोआप धरते, छताला काही लावावं लागत नाही. आणि कोणीही छतात नवी भोकं पाडू नका. बाय, तुमच्या गाडीत कर्टन एअरबॅग बहुधा नसेल, पण हे वाचून दुसरा कोणी नव्या गाडीत पाडायचा. दारांच्या वरच्या कडेने ती घडी करून ठेवलेली असते.

नकाशावेडा:
विषय व्हायझरचा आहे, पण मला राहवत नाही. पणजी-फोंडा रस्ता आपण पूर्वेचा म्हणतो, प्रत्यक्षात तो वळणं सोडली तर आग्नेयेला जातो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पूर्वेपासून सुमारे 24 अंश दक्षिणेला उगवतो, म्हणजे जवळपास याच रेषेत. म्हणून हिवाळ्यात सकाळी कुंडईला जाणाऱ्याच्या डोळ्यांत. जूनमध्ये तो पश्चिमेपासून तितकाच उत्तरेला मावळतो, म्हणजे पावसाआधी, मे महिन्यात, संध्याकाळी परत येणाऱ्याच्या डोळ्यांत. रायबंदरचा कॉजवे मात्र जवळजवळ सरळ पश्चिमेला जातो, त्यामुळे तिथे संध्याकाळी बरेच महिने सुटका नाही. 1630 च्या दशकात बांधणाऱ्या पोर्तुगीजांना व्हायझर लागत नव्हता.

फोंड्यात राहून पणजीला नोकरी करणाऱ्यांच्या मात्र दोन्ही वेळा ऊन पाठीला. फोंडकारांनी या धाग्यावर मिरवू नये.

उपयोगाचं एवढंच: हिवाळ्यात सकाळी सूर्य तासाला साधारण 13 अंश वर चढतो, त्यामुळे अर्धा तास उशिरा निघालात तरी बराच फरक पडतो. पुढची काच आतून पुसा. आतल्या बाजूला धुरकट थर बसतो आणि समोरच्या उन्हात तोच पांढरा पेटतो. कॉजवेवरच्या पाण्याच्या चमकेला पोलराइज्ड गॉगल.

फेरीधक्का:
नकाशावेडा, अर्धा तास उशिरा निघाले तर पंचिंग मशीन ऐकणार नाही. घर फोंड्याला हलवायचं नवऱ्याला सुचवून पाहिलं, त्याने पेपरातून डोकं वर काढलं नाही. काच मात्र आतून पुसली आणि फडकं बघून लाज वाटली.

कुशनवर्कदादा, दांडा छताशी एकदम घट्ट, फळीच सैल. टक् नाही. म्हणजे क्लिप. दिवाबिवा काही नाही, गाडी खालच्या व्हेरिएंटची. मडगावला येणं मला जमणार नाही, फोंड्यात कोणाकडे नेताना काय सांगू? आणि फळीच्या कापडावर पावसाळ्यातले बुरशीचे ठिपके आहेत, ते त्याच वेळी जातील का?

कुशनवर्क_मडगाव:
कुशनवाल्याकडेच न्या, गॅरेजमध्ये नको. "कड उसवून क्लिप आवळ आणि एक थर श्रिंक स्लीव्ह" एवढं सांगितलंत की त्याला कळेल. समोर बसून करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. बुरशीवर पाण्यात थोडा व्हिनेगर घालून ओलसर कापडाने टिपा, चोळू नका, आणि फळी भिजवू नका. काही फळ्यांत आत पुठ्ठा असतो, तो फुगला तर मग क्लिप चांगली असून फायदा नाही. नंतर दारं उघडी टाकून वाळू द्या. जुने काळे ठिपके पूर्ण जात नाहीत, ते खपवून घ्या.

फेरीधक्का:
झालं काम. फोंड्याच्या कुशनवाल्याने आधी "नवीन घ्या" म्हटलं, मग मी हा धागा मोबाइलवर वाचून दाखवला, तेव्हा हसून कामाला लागला. क्लिप तांबूस झाली होती पण अखंड, खोबणीही शाबूत. त्याने क्लिप पॉलिश पेपरने घासली, आवळली, स्लीव्ह चढवली. अडीचशे रुपये घेतले. टक् काही परत आली नाही, पण फळी जिथे ठेवावी तिथे राहते, भोमच्या खड्ड्यांतही. फिरवायला जरा जड लागते, ते चालेल. मेस्ताला दाखवला, तो म्हणाला, "पावसाक पळोवया." (पावसाळ्यात बघू.)

आता शोरूममधून फोन आलाय, राखाडी व्हायझर आला म्हणून. उजव्या बाजूचा, सीलबंद. पैसे आगाऊ भरलेत, परत घेत नाहीत. 2013 च्या आसपासची हॅचबॅक असलेल्या कोणाला हवाय का? मॉडेल निरोपात विचारा.

पात्रांव77:
मला चालेल, गाडी जुळली तर. माझं इंटिरियर आधीच तीन रंगांचं आहे. शनिवारी पणजीला कदंबा स्टँडजवळ भेटू, पण भाव शोरूमचा नको हां.