उजवा हात प्लास्टरमध्ये, कात्री डाव्या हातात

शिवणवाली_विश्रामबाग
नमस्कार. सांगलीत घरीच ब्लाऊज शिवते. तीन आठवड्यांमागं गच्चीवरच्या शेवाळावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. अजून तीन आठवडे प्लास्टर आहे. मशीन लेक चालवते, निदान कापायचं काम डाव्या हातानं करू म्हटलं. कात्रीला परवाच धार लावून आणलेली, तरी साधं कॉटनचं अस्तर कापेना! पात्यांच्या मधे कापड दुमडून अडकतंय. भाकरी थापायला गेले तर ती परातीत फिरेचना, एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला भोक.

वर सासूबाई म्हणतात, "लेक उजवायची राहिलीय आन् उजवा हातच मोडून बसलीस!" तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. लेक उजवणं, व्रत उजवणं हे सगळं उजव्या हातावरूनच आलं का? आणि डाव्याच्या वाट्याला नुसतं डावलणं?

कुपवाडचा_फिटर
ताई, धारेला दोष देऊ नका, तुमची कात्रीच उजवी आहे. उजव्या हातात कात्री चालवताना अंगठा बाहेर ढकलतो आणि बोटं आत ओढतात, त्यानं दोन्ही पाती एकमेकांवर घासून बसतात. डाव्या हातात तोच दाब उलटा पडतो आणि पाती फाकतात. डावखुऱ्यांची कात्री वेगळी येते, तिचं वरचं पातं डावीकडं असतं. तोवर मुद्दाम अंगठा तळव्याकडं ओढा आणि बोटं बाहेर रेटा. बोटं दुखतील, पण कापेल.

नट-स्क्रूच्या आट्यांचंही तसंच आहे. उजवा हात बाहेरच्या बाजूला पिळताना दंडाचा जोर मिळतो आणि सुलट आटा त्याच बाजूला आवळला जातो. उलटे आटे हवेत तिथंच असतात. सायकलचं डावं पायडल बघा. नवीन पोरगं ते खोलायला म्हणून आवळतच बसतं, आम्ही गंमत बघत चहा पितो. गॅस वेल्डिंगला ऑक्सिजनचे आटे सुलट, अ‍ॅसिटिलीनचे उलट. चुकून अदलाबदल नको म्हणून.

तासगावचे_गुरुजी
सासूबाईंची कोटी झकास आहे, पण ही उजवणी एका घरची नव्हेत. 'उजवा'चं मूळ ऋजु, म्हणजे सरळ. प्राकृतात उज्जु, जुन्या मराठीत उजू. व्रत उजवणं आलं उद्यापनावरून. लेक उजवणंही मला त्याच घरातलं वाटतं, हाती घेतलेलं तडीस नेलं अशा अर्थानं. डावलणं मात्र डाव्याचंच: डावीकडं टाकून पुढं जायचं. देवाला तसं करायचं नाही, त्याला उजव्या हाताला ठेवून फिरायचं, म्हणून प्रदक्षिणा. पूर्वेकडं तोंड केलं की उजवीकडं दक्षिण, म्हणून संस्कृतात दोन्हींना एकच शब्द.

खरी गंमत 'सव्य'ची. संस्कृतात सव्य म्हणजे डावा, डाव्या हातानंही बाण सोडतो म्हणून अर्जुन सव्यसाची. आपण मराठीत सव्य म्हणजे उजवा म्हणून मोकळे!

आटपाडीकर
आमच्या खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल घेताना आधी विचारतात, "कुठल्या खांद्याचा?" उजवीकडं शिकलेला डावीकडं जुंपला की बिचकतो. दोन्ही खांद्यांना चालणारा असला की मालक भाव सोडत नाही.

शिवणवाली_विश्रामबाग
फिटरदादा, कापलं! अंगठ्याला वळ उठला, पण दोन अस्तरं निघाली. गुरुजी, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ऋजु असंल नाहीतर बिजू, पोरीला स्थळ बघा."

लेक क्रिकेटवेडी. ती म्हणते, आपल्या सांगलीची स्मृती मानधना बॅटिंग डावखुरी करते, पण बॉल उजव्या हातानं टाकते, आणि डावखुऱ्या बॅटिंगला बॅटवर वरचा हात उजवाच असतो. मग तिला डावखुरी म्हणायचं की उजवी? कुणी सांगा, इथं रोज जेवताना वाद चाललाय. भाकरी तीच थापते, त्यामुळं सध्या तिचंच खरं.