आगमनकाळ आणि नाताळात आपण पाळक-धर्मगुरू स्वतःला कसं जपतो? (अनुभव धागा)

२०२३ साली २४ डिसेंबरला रविवार होता. सकाळी आगमनकाळाचा (नाताळच्या तयारीचे चार रविवार) चौथा रविवार आणि त्याच संध्याकाळी नाताळची पूर्वसंध्या. शनिवारी संध्याकाळी एक मिस्सा (कॅथलिक उपासना), रविवारी सकाळी दोन, संध्याकाळी एक, मग मध्यरात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. चाळीस तासांत सात मिस्सा झाल्या. त्या दोन रात्री मिळून मी जेमतेम पाच तास झोपलो असेन.

सोमवारी दुपारी एका आजारी आजींना कम्युनियन (प्रभुभोजनाची भाकर) द्यायला गाडी घेऊन निघालो आणि चालवता चालवता डोळा लागला. गाडी रस्त्याकडेच्या चिखलात रुतून थांबली. कुणाला काही लागलं नाही, देवाची कृपा. उशिराने आजींकडे पोचलो. त्यांनी माझा हात धरून विचारलं, "फादर, जेवलात का?" आणि मला खरोखरच आठवेना.

हाच मेळ २०२८ मध्ये पुन्हा येतोय. त्या वर्षी आगमनकाळ ३ डिसेंबरला सुरू होईल, म्हणजे तयारीला अवघे बावीस दिवस. सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) आपण उपासनाविधी शिकलो, शास्त्र शिकलो. डिसेंबर कसा निभवायचा हे मात्र ज्याने त्याने ठेचा खात शिकायचं, असंच चालत आलंय. म्हणून हा धागा. तुम्ही काय केलंत, काय चुकलं, कशाने हात दिला ते लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट सगळ्यांनी लिहा. घरच्यांनीही लिहावं, कारण त्यांना जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही.

माझ्यापुरतं सांगतो. आता नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच २४ तारखेच्या दुपारी दोन ते पाच झोप म्हणून डायरीत लिहून टाकतो. त्या वेळी कुणी भेट मागितली तर कार्यालयातल्या ताई "फादर त्या वेळी मोकळे नाहीत" एवढंच सांगतात. आणि २५ तारखेला मी गाडी चालवत नाही. कुणीतरी सोडायला येतं. मागायला सुरुवातीला संकोच वाटला. मागितल्यावर तीन घरांतून निरोप आले.

पाळकांची पत्नी

घरच्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहिते. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली. पहिली दहा वर्षं नाताळच्या दिवशी हे जेवणाच्या ताटावर बसल्या बसल्या झोपायचे. मुलं लहान होती तेव्हा गंमत वाटायची त्यांना. मग एके वर्षी धाकटीने विचारलं, "बाबांना आपला नाताळ आवडत नाही का?" यांनी ते ऐकलं. काही बोलले नाहीत, पण रात्री उशिरापर्यंत जागे होते.

पुढच्या वर्षी आम्ही घरचा नाताळ २८ तारखेला नेला. तसंही नाताळ काही एका दिवसाचा नसतो, प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (६ जानेवारी) बारा दिवस आहेतच. भेटी त्या दिवशी उघडायच्या, फोन दुसऱ्या खोलीत. मंडळीतले (चर्चमधले) एक ज्येष्ठ सभासद त्या दिवशी फोन घेतात आणि मरण किंवा दवाखाना असेल तरच कळवतात. आठ वर्षांत दोनदा कळवलं. दोन्ही वेळा हे गेले आणि मीच जा म्हटलं. मुलांनाही वाईट वाटलं नाही, कारण बाकीचा दिवस आपला आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अजून एक. "पाळकीणबाई, तुम्ही कशा आहात?" असं डिसेंबरात मला कुणी विचारत नाही. यांच्याबद्दलच विचारतात. कॅरल पार्टीची तयारी, पाहुणे, मुलांच्या नाटिकेचे पोशाख, सगळं आमच्याकडेही येतं. हेही मोजा.

महिला पाळक, सेवेचं चौथं वर्ष

माझा आवाज गेला होता. दीक्षेनंतरचा पहिलाच आगमनकाळ, आणि मला वाटायचं की बाई म्हणून आवाज कमी पडतो असं कुणी म्हणायला नको. त्यामुळे छोट्या प्रार्थनासभेतसुद्धा माइक न घेता मोठ्याने बोलायची. तिसऱ्या रविवारपर्यंत घसा बसला. मग आवाज वाचवायचा म्हणून कुजबुजत राहिले. डॉक्टर म्हणाले, कुजबुजण्यानेही ताण येतो, त्यापेक्षा गप्पच बसा. चार दिवस मौन पाळलं.

आता माइक नेहमी घेते, माणसं वीस असोत की दोनशे. गायकवृंदाच्या सरावात बोलत नाही. शास्त्रपाठ मंडळीतले लोक वाचतात, आणि फार सुंदर वाचतात. उपासनेआधी दारात उभं राहून प्रत्येकाशी बोलणंही सोडलं. भेटते ती नंतर. ते चार दिवस मौनात गेले तेव्हा कितीतरी वर्षांनी मी बायबलमधली जखऱ्याची, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वडिलांची, गोष्ट नीट वाचली. योहानाचा जन्म होऊन त्याचं नाव ठेवेपर्यंत जखऱ्याची वाचा गेली होती. आगमनकाळाच्या पाठांत ती दरवर्षी आपल्यासमोर असते.

धर्मगुरू, मधुमेह आहे

ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, लाजू नका. मला दुसऱ्या मिस्साच्या वेळी वेदीवरच घाम फुटला, हात थरथरू लागले. प्याला दोन्ही हातांनी घट्ट धरला तेव्हा कुठे निभावलं. सकाळपासून उपाशी होतो, कारण कम्युनियनआधीचा उपवास मोडू नये असं डोक्यात बसलेलं.

कॅनन लॉचा (कॅथलिक चर्चच्या कायद्याचा) ९१९वा नियम पुन्हा उघडून पाहा. उपवास एकच तासाचा आहे. त्याच दिवशी दुसरी किंवा तिसरी मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूने आधी काही खाल्लं आणि मध्ये तासाचं अंतर राहिलं नाही, तरी चालतं. आजारी माणसाला तर औषधाप्रमाणेच अन्नाचीही मोकळीक आहे. मी नियमाच्या नावाखाली स्वतःला जे करत होतो ते नियमात नव्हतंच.

आता सॅक्रिस्टीत (मिस्साच्या तयारीच्या खोलीत) माझा डबा असतो आणि खिशात ग्लुकोजच्या गोळ्या. इन्सुलिनचं वेळापत्रक डॉक्टरांकडून डिसेंबरच्या आधीच ठरवून घेतो, मनाने मात्रा बदलत नाही. तिथली व्यवस्था बघणाऱ्या आमच्या सॅक्रिस्टनला लक्षणं सांगून ठेवली आहेत: मी एकाच ओळीत दोनदा अडखळलो तर त्याने पुढे यायचं.

धर्मगुरू

माझी आई नोव्हेंबरच्या शेवटी गेली. पुढच्या रविवारी आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटवली. तिसरा रविवार आला, गुलाबी पोशाखाचा, आनंदाचा. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" हे वाचताना घशाशी आलं आणि मी वाक्य अर्धवट सोडून खाली बसलो. चर्चमध्ये अगदी शांतता. मग एका बाईंनी पुढचं वाक्य जागेवरूनच वाचलं.

त्याच संध्याकाळी शेजारच्या धर्मग्रामातल्या (दुसऱ्या चर्चच्या हद्दीतल्या) धर्मगुरू मित्राला फोन केला. नाताळचं प्रवचन तू कर, मी मिस्सा करतो, एवढंच मागितलं. पापनिवेदनाचे तासही वाटून घेतले. लोक वर्षभराचं दुःख घेऊन पापनिवेदनाच्या खिडकीशी येतात आणि त्या दिवसांत माझ्याकडे जागाच नव्हती. माझे आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणाले, बायबलमधला एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत निजला होता तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, खाऊन तो पुन्हा निजला, तरी त्याला कुणी उठवून जाब विचारला नाही. दुसऱ्यांदा खायला घातलं तेव्हा कुठे प्रवासाचं नाव काढलं. त्या महिन्यात मी हे रोज वाचलं.

आता आम्ही २१ डिसेंबरच्या सुमाराला शोकात असलेल्यांसाठी छोटी प्रार्थना ठेवतो. त्यात मीही बाकावर बसतो. चालवतं दुसरं कुणी.

पाळक

एकच सांगतो. २६ तारखेला राजीनामा लिहू नका. मी दोनदा लिहिलाय. ६ जानेवारीपर्यंत थांबायचं असं बायकोने वचन घेतलंय.

पॅरिश कौन्सिलची (चर्चच्या सल्लागार समितीची) सचिव

मी धर्मगुरू नाही, पण हे सगळं वाचून लिहिल्यावाचून राहवेना. गेल्या वर्षी बैठकीत मी डिसेंबरचे कार्यक्रम फळ्यावर मांडले, आणि फादरनी हजर राहायलाच हवं अशांसमोर खूण केली. एकतीस दिवसांत तेवीस खुणा. मिस्सा त्यात धरल्याच नव्हत्या. बायबलमध्ये निर्गम अठरामध्ये इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला म्हणतो की हे तू करतोस ते बरं नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील. इतकी वर्षं ऐकतो, पण आपल्या फळ्याकडे बघून कुणी तसं म्हणालं नव्हतं.

तेवीसचे नऊ केले. वाद झाले. युवक गटाचे दोघे नाराज होऊन उठून गेले, आणि त्यांचा कार्यक्रम वगळण्याआधी त्यांना विचारायला हवं होतं, ती चूक माझी. जानेवारीत घरी जाऊन माफी मागितली. यंदा फळा त्यांनीच मांडलाय. फादर बैठकीला आले, खुणा मोजल्या, आणि २६ तारखेपुढचा रिकामा चौकोन बघून म्हणाले, "हा तसाच राहू द्या."