कोल्हापुरात चालत जाताना अपघात झालाय का? तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मी करतो. आईला दाभोळकर कॉर्नरजवळ मोपेडनं उडवलं त्याला दीड वर्ष होईल. पांढऱ्या पट्ट्यांवरूनच चाललेली, निम्म्यात गेली आणि सिग्नल सुटला, मोटारवाले थांबले पण त्यांच्या डाव्या अंगानं एक पोरगा सुसाट आला. खुब्याचं हाड मोडलं. मी पोचलो तेव्हा मेथीची जुडी रस्ताभर आणि आईची एकच चप्पल, दुसरी मिळालीच नाही. आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते, रस्ता ओलांडायचा म्हटलं की माझं मनगट असं आवळते की वळ उठतात. २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी मेले, हा केंद्र सरकारचा आकडा. आई वाचली म्हणून असल्या आकड्यात ती नाही, पण तिचं बाहेर जाणं संपलंच की. तुम्ही पण लिहा, कुठं झालं, कसं झालं.

*

मी रिक्षा चालवतो. दसरा चौकात एक आजोबा पडलेले, भोवती पंधरा-वीस माणसं, निम्मी मोबाईल धरून, हात कोणी लावंना, पोलिसांचं झंझट नको म्हणून. मी आणि एका कॉलेजच्या पोरीनं उचललं, तिनं सगळ्या वाटेत ओढणीनं डोकं दाबून धरलेलं. दवाखान्यात आम्हाला कोणी अडवलं नाही. २०१९ ला कायदाच झालाय, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ, मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव सांगायची पण सक्ती नाही. आमच्या स्टॉपवर मी सगळ्यांना सांगितलंय. उचला हो, १०८ ला फोन तरी करा.

*

धडक माझ्याकडून झालेली. सायबर चौकाच्या अलीकडं, पाऊस, स्पीड पन्नासच्या वर, पुढची बस थांबली म्हणून मी बाजूनं काढली, ती का थांबली हे बघितलंच नाही. बसच्या पुढून एक काका येत होते. पाय दोन ठिकाणी मोडला. मी थांबलो, दवाखान्यात नेलं, पोलिसात जबाब दिला. महिनाभर रोज जायचो, काका बोलायचे, त्यांची मुलगी एकदा पण माझ्याकडं बघितली नाही. तिचं बरोबर होतं. आता पुढची गाडी थांबली की मी पण थांबतो, मागनं कितीबी हॉर्न वाजवूद्यात.

*

बहिणीचे सासरे तावडे हॉटेलजवळ पहाटे गेले, गाडी पळून गेली, नंबर नाही. नंबरच नाही म्हटल्यावर काही मिळणार नाही असंच आम्ही धरून चाललेलो, एका वकिलांनी सांगितलं म्हणून कळलं. गाडी सापडली नाही तरी सरकारची भरपाई आहे, १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख, गंभीर जखमीला पन्नास हजार, अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडं. एफआयआरची कॉपी पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवा, आम्हाला त्यासाठी लई हेलपाटे पडले.

*

रंकाळ्याला रोज फिरायला जाते. फुटपाथवर गाड्या लावलेल्या, मग रस्त्यावरनंच चालायचं. परवा आरसा कोपराला लागला, हात काळानिळा झालाय, घरी अजून सांगितलं नाही, फिरायला जाणंच बंद करतील म्हणून.