घर बांधताना साइटवर कोण बसलं होतं? – अनुभव लिहा

पऱ्हाटी
शेजारी आज स्लॅब टाकून राहिले, सकाळपासून मिक्सरची घरघर. त्या आवाजानं बाबा आठवले. आमचं घर बांधलं तेव्हा शेत भावावर सोडून बाबा बाजेवर छत्री बांधून साइटवरच बसत. शिकलेले सातवी. पायव्याच्या वेळी मिस्त्री म्हणे, चार फूट बस झालं काकाजी. बाबा म्हणे, मुरूम लागला का? नाही ना, मग खोद. खोदता खोदता पिवळा मुरूम लागला तेव्हाच उठले. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच काळी माती घराखाली, पावसात फुगते न उन्हात आकसते, एवढंच त्यांचं म्हणणं. मिस्त्रीनं लय शिव्या घातल्या असतील मनात. तुमच्याकडे कोण बसलं होतं?

ठेचा_भाकर
आमच्याकडे मुरूम लागतच नाही ना भौ, दर्यापूरकडचा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणी खारं न कितीही खोदा माती काळीच. आम्ही अंडररीम पाइल घेतल्या, जमिनीत खोल भरलेले काँक्रीटचे खांब, खाली फुगीर बुड असते ते. रुडकीच्या सीबीआरआयनं (इमारत संशोधनाची सरकारी संस्था) काळ्या मातीसाठीच काढलेली पद्धत आहे म्हणे, इंजिनीअरनं सांगितलं. पण खरं भांडण पाण्यावरून झालं. ठेकेदार म्हणे बोअर आहे ना दारात, टँकर कायले? अरे त्या पाण्यात वरण शिजत नाही, घर शिजणार हाय का! काकाचं जुनं घर पाहिलं ना, छपाईचे पोपडे निघाले न स्लॅबातली सळाख गंजून बाहेर. पाणी तपासायला दिलं, सळईच्या काँक्रीटला क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, आमचं कुठल्या कुठं. शेवटी टँकरच, माल कालवण्यापासून तराईपर्यंत, म्हणजे नंतर पाणी मारण्यापर्यंत.

तुरीच्या_शेंगा
वरण शिजत नाही 😂😂 प्रयोगशाळा कायले पाहिजे मग

मोहफूल
आमचे हे पुण्याला, बांधकाम माझ्या न सासूबाईंच्या गळ्यात. बाकीचं कळो न कळो, सळई सेंट्रिंगच्या (माल ओतायच्या साच्याच्या) पाटीला टेकून उघडी राहिली नाही पाहिजे हे मी धरून बसले, माहेरी बाजूच्या घराचा सज्जा तसाच पडला होता. मिस्त्री सळईखाली गिट्टीचे खडे सारायचा, लोखंड बांधणारा वर चालला की खडा सटकला. मग मी रेती-सिमेंटच्या वड्या ताटात थापल्या, ओल्या असतानाच प्रत्येकीत बांधायची तार खोचली, न पिपात भिजत ठेवल्या. वडीची जाडी स्लॅबला 20 मिमी, बीमला 25, कालमला 40, पायव्यात 50. पोट्टे म्हणे वहिनी बर्फ्या करून राहिल्या. करू दे. स्लॅब टाकायच्या आधी सासूबाई वाकून वाकून एकेक सळई खालून बघत होत्या, कंबर दुखते म्हणून पोळ्या लाटत नाहीत एरवी.

पऱ्हाटी
@मोहफूल सासूबाईंना दंडवत 🙏

घरकुलवाला
तुमचे इंजिनीअर न पाइल चालू द्या. आमचं घरकुल, तेव्हा सरकारचे 1,20,000 न रोहयोची मजुरी, तेही हप्त्या-हप्त्यानं. पायवा झाला की फोटो, फोटो झाला की हप्ता, न मिस्त्री तोवर दुसऱ्या गावी. घरकुलाला 5 ब्रास रेती फुकट असं सरकारनं जाहीर केलं, मी ऐकून खुश. घाटावर गेलो तर आज नाही उद्या. शेवटी विकत घेतली, न ट्रॅक्टरवाला एक ब्रास म्हणून टाकते ती फूटपट्टीनं मोजली तर ब्रासचे 100 घनफूट काही भरत नाहीत बाप्पा. न त्यात माती! पारदर्शक बाटलीत अर्धी रेती, पाणी, चिमूटभर मीठ, हलवून ठेवून द्या, वर गाळाचा थर बसते. आमच्यात बोटभर बसला. म्हटलं परत ने. नेली नाही त्यानं, आम्हीच चाळली न धुतली, घरचे सगळे.

ठेचा_भाकर
@घरकुलवाला हप्त्याचं सेम टू सेम आमच्या चुलत्याचं

भर_उन्हात
चंद्रपूर साइड. मे महिन्यात स्लॅब, पारा 45च्या वर, सकाळी मारलेलं पाणी नऊला गायब. स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी भरलं ते ठीक, कालमचं कोण पाहणार? पोते गुंडाळले न आई दिवसभर पाइप घेऊन फिरे. ठेकेदार म्हणे सात दिवस बस. गोणीवर पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) लिहिलं होतं, त्याला कमीत कमी 10 दिवस लागतात, आमच्याकडच्या उन्हात त्याहून जास्त बरं. नळ एक दिवसाआड, शेजारीण म्हणे तुमच्या कालमले पाणी न आमच्या गाईले नाही का. गाईलेही दिलं मग.

कवेलू
कोणी उधईचं (वाळवीचं) सांगा रे, नवीन घर, नवीन चौखट, सागवान म्हणून घेतली, दोन पावसाळ्यात आतून पोकळ. सागवान नव्हतंच ते बहुतेक

तुरीच्या_शेंगा
@कवेलू पायव्यातच औषध मारा लागते, न जोत्याच्या भरतीवरही, फरशीखालचं काँक्रीट टाकायच्या आधी. आता भोकं पाडून मारा

साइटवरचा_भाऊ
सुपरवायझर आहे मी, ठेकेदाराकडूनच, तरी सांगतो. माल कालवताना वरून घातलेल्या पाण्यावर लक्ष ठेवा. 50 किलोच्या गोणीला 25 लिटरच्या आसपास पुरते, ओली रेती असेल तर अजून कमी. माल सरकत नाही म्हणून मिक्सरवाला बादली ओततो, तिथंच ताकद गेली, मग तुम्ही महागाचं सिमेंट आणा की काही आणा. त्याला शिव्या देऊन फायदा नाही, माल हलवून बसवणारं व्हायब्रेटर आहे का ते आधीच विचारून घ्या. आणि 12 मिमीची 12 मीटर सळाख साडेदहा किलोच्या वर भरायला पाहिजे, काट्यावर टाका. बाकी स्लॅबच्या दिवशी मालक जेवण चांगलं देतो तिथं माल पण चांगला पडते 😜

भर_उन्हात
😜 काय देत होते?

साइटवरचा_भाऊ
मटण

मोहफूल
आम्ही रोडगे न वांग्याची भाजी केली होती, सगळ्यांनी मागून खाल्लं

साइटवरचा_भाऊ
रोडगे खाऊन दुपारनंतर घमेलं कोण उचलते वहिनी, पोट्टे झोपतात

तुरीच्या_शेंगा
मटण खाऊन जागे राहतात का मग? 😂

कवेलू
अरे माझ्या चौखटीचं बोला ना कोणी, कोणतं औषध, किती मारायचं