स्काय बेटावर डोंगर आणि समुद्र पाहत निवांत मद्य घेण्याजोग्या जागा कोणत्या?

प्रश्न: कर्वेनगरकर

नमस्कार. येत्या जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी, माझे पती, सासूबाई आणि सासरे असे चौघे स्कॉटलंडमधील स्काय बेटावर जाणार आहोत. सासऱ्यांना सिंगल माल्ट व्हिस्कीची मनापासून आवड आहे आणि टॅलिस्कर ही व्हिस्की जिथे तयार होते ती जागा एकदा पाहावी, ही त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. सासूबाई मद्य घेत नाहीत; त्यांना खिडकीशी किंवा अंगणात बसून निवांत समुद्र पाहायला मिळाला, की पुरे. सासऱ्यांचे गुडघे दुखत असल्यामुळे चढाच्या लांब पायवाटा आम्हाला झेपणार नाहीत.

संकेतस्थळांवर "उत्तम नजारा असलेले बार" अशा याद्या पुष्कळ सापडतात, परंतु त्या वाचून कोणत्या जागी नेमके काय दिसते, तिथे किती वेळ बसता येते आणि दोन जागांमधला रस्ता कसा आहे, हे काही कळत नाही. शिवाय गाडी माझे पती चालवणार आहेत आणि त्यांनाही संध्याकाळी एखादा ग्लास घ्यावासा वाटणार. जे तिथे राहून आले आहेत किंवा जवळपास राहतात, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर: लीथकर

मी एडिंबरोत राहतो आणि स्कायला वरचेवर जातो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. माझे ठाम मत असे आहे, की स्कायवर आधी बार निवडून मग मुक्काम शोधण्यापेक्षा, जिथे प्यायचे आहे तिथेच मुक्काम करावा आणि खोलीपर्यंत पायी परतता येईल अशी संध्याकाळ आखावी. याला पहिले कारण कायदा आहे. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर 2014 पासून वाहनचालकासाठी 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे; इंग्लंडमध्ये ती 80 आहे, त्यामुळे लंडनच्या नातेवाइकांनी "एक पाइंट चालतो" असे सांगितले, तर ते इथे धरून चालू नका. दुसरे कारण रस्ते. मुख्य रस्ता सोडला, की एकपदरी वाट, समोरून गाडी आली की थांबण्यासाठी मध्ये मध्ये केलेल्या जागा आणि कडेला खुशाल बसलेल्या मेंढ्या, असा प्रकार आहे. तुमच्या यजमानांनी दिवसा एक थेंबही घेऊ नये आणि गाडी एकदा लावली, की ती सकाळपर्यंत हलवू नये. रात्री उशिरापर्यंत घेतले असेल, तर सकाळीही निघण्याची घाई करू नये.

जून महिना या बेताला फार अनुकूल आहे. त्या दिवसांत तिथे सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही बराच वेळ आकाशात उजेड रेंगाळतो. म्हणजे दिवसभर भटकून, सातच्या सुमारास गाडी लावून, जेवण उरकल्यावरसुद्धा बाहेर बसायला दोन-अडीच तास प्रकाश शिल्लक असतो. जेवणाची वेळ मात्र आधी ठरवा, कारण गावातली स्वयंपाकघरे आपल्याकडच्यापेक्षा बरीच लवकर बंद होतात आणि टेबल राखून ठेवले नसेल, तर उपाशी राहण्याची पाळी येते.

टॅलिस्कर पाहायची आहे, तर एक मुक्काम कारबोस्ट या गावी करा. टॅलिस्करची ही डिस्टिलरी, म्हणजे व्हिस्की गाळण्याचा कारखाना, 1830 मध्ये ह्यू आणि केनेथ मॅकअ‍ॅस्किल या भावांनी लॉख हारपोर्टच्या काठावर सुरू केली. लॉख म्हणजे इथे तळे नव्हे. समुद्राचाच जमिनीत शिरलेला लांब फाटा आहे, त्यामुळे त्याला भरती-ओहोटी असते. आतली फेरी सासऱ्यांनी जरूर करावी, पण नजाऱ्याची अपेक्षा तिथे ठेवू नये. ती फेरी तांब्याच्या भांड्यांसाठी आणि वासासाठी करायची असते. इमारतीबाहेर लाकडी पिंपे दिसतील, ती नीट पाहा. भांड्यातून निघालेली वाफ तांब्याच्या वेटोळ्या नळीतून या पिंपांतल्या गार पाण्यात थंड केली जाते. ही जुनी पद्धत आता थोड्याच डिस्टिलऱ्यांनी टिकवली आहे, आणि टॅलिस्करच्या मिरमिरीत, भरदार चवीमागे तिचाही हात आहे. तुमचे पती चालक म्हणून नोंदवले, तर त्यांच्या वाटचे नमुने लहान बाटल्यांतून बरोबर देण्याची सोय बहुतेक डिस्टिलऱ्यांत असते; तशी विचारणा आरक्षण करतानाच करावी.

खरी बैठक तिथून थोड्याच अंतरावरच्या जुन्या खानावळीत, म्हणजे ओल्ड इनमध्ये. तिच्या बाहेर पाण्याच्या अगदी काठाशी लाकडी बाके मांडलेली असतात. समोर नांगरलेल्या होड्या, ओहोटी असेल तर उघड्या पडलेल्या शेवाळ्याचा खारट वास, आणि लॉखच्या आतल्या टोकाकडे पाहिले, की कूलिन पर्वताची दातेरी रांग. ढग त्या रांगेवर बसतो, सरकतो, पुन्हा बसतो; दहा मिनिटांपूर्वी जिथे नुसता राखाडी पडदा होता तिथे एकदम काळा सुळका उभा राहतो. हे पाहायला वेळ हातात असावा लागतो, म्हणूनच मुक्कामाचा एवढा आग्रह. ग्लासबरोबर पाण्याचा लहान जग मागून घ्यावा आणि थोडे थोडे पाणी घालत एकच माल्ट तासभर पुरवावी. इथले माप 25 किंवा 35 मिलिलिटर असते, आपला 60 चा पेग नव्हे, त्यामुळे पहिला ग्लास पाहून सासऱ्यांना तो कमी वाटण्याचा संभव आहे.

दुसरा मुक्काम स्लिगाकनला. हे गाव नाहीच. चौरस्त्यावर एक जुने हॉटेल, समोर कॅम्पिंगचे मैदान आणि ओढ्यावर थॉमस टेलफर्ड या स्कॉटिश अभियंत्याच्या काळातला दगडी पूल. हॉटेलच्या श्यूमस बारमध्ये शेकड्यांनी माल्ट आहेत. बाहेर एका बाजूला 964 मीटर उंचीचा स्गूर नान गिलियन आणि दुसऱ्या बाजूला 775 मीटरचा ग्लामेग दिसतो. या ग्लामेगशी एक आठवण जोडलेली आहे, जी आपल्याला भावावी: 1899 मध्ये हरकबीर थापा नावाचा गुरखा जवान या हॉटेलपासून अनवाणी धावत निघाला, शिखराला शिवून आला आणि जाऊन-येऊन त्याला 55 मिनिटे लागली. त्याच्या स्मरणार्थ तिथे आजही डोंगरशर्यत होते. सासऱ्यांना हा डोंगर बारच्या बाकावरून दाखवा आणि मग ही हकिकत सांगा.

उत्तर: देशावरचा

लीथकर यांच्या मुक्कामाच्या मुद्द्याशी सहमत आहे, पण त्यांच्याकडून वॉटरनिश राहिले. बेटाच्या वायव्येकडच्या या भूशिरावर स्टाइन नावाची पांढऱ्या घरांची एक ओळ आहे आणि तिथली स्टाइन इन ही बेटावरची सर्वांत जुनी खानावळ समजली जाते. ती 18व्या शतकातली आहे. घरांची ओळ, अरुंद रस्ता, गवताची पट्टी आणि लगेच लॉख बे. खानावळीबाहेरच्या बाकांवर संध्याकाळचे ऊन येते आणि समोर इसे व मिंगे ही लहान बेटे दिसतात. आत छत इतके ठेंगणे आणि भिंती इतक्या जाड आहेत, की वारा सुटला तरी शेकोटीपाशी ऊब राहते. गुडघ्यांची अडचण असणाऱ्यांसाठी ही जागा मला कारबोस्टपेक्षाही सोयीची वाटते, कारण गाडी लावली, की समुद्र पाहायला रस्तासुद्धा ओलांडावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट सासूबाईंना दाखवण्याजोगी आहे. स्टाइनकडे जाताना डनव्हेगनच्या बाजूला मॅक्लाउड्स टेबल्स हे दोन सपाट माथ्यांचे डोंगर दिसतात. दक्षिणेकडचे कूलिन गॅब्रो या खरबरीत खडकाचे आणि सुळक्यांचे आहे, पण बेटाचा उत्तर भाग बेसाल्टच्या थरांचा आहे. हे थर सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आहेत, आणि आपला सह्याद्री त्याहून थोडाच जुना, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. त्यामुळे उत्तर स्कायचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे पाहून पाचगणीच्या पठाराची आठवण आल्याशिवाय राहत नाही, फक्त पायथ्याशी वाईऐवजी समुद्र असतो. मी स्वतः बिअरवाला असल्यामुळे सांगतो, की उईगच्या बंदरालगत 1995 पासून स्थानिक ब्रुअरी चालते आणि तिची रेड कूलिन ही एल प्रकारची तांबूस बिअर या थंड हवेत फार चांगली लागते. बाटली घेऊन मुक्कामी जावे. उईगला बसण्याचा आग्रह धरू नये.

उत्तर: अनघा_इन्व्हरनेस

सर्वांनी नजारा सांगितला, पण मिजेसबद्दल कोणी लिहिले नाही, आणि जूनमध्ये तोच सगळ्यांत मोठा प्रश्न असतो. मिज हा चिलटापेक्षाही बारीक असा चावणारा कीटक आहे. हवा दमट, ढगाळ आणि पडलेली असली, की तिन्हीसांजेला त्यांचे थवेच्या थवे येतात आणि पाच मिनिटेही बाहेर बसवत नाही. वारा सुटला, की त्यांना उडता येत नाही. म्हणून बाहेरची बैठक वाऱ्याच्या संध्याकाळी करावी आणि निवांत, पडलेल्या हवेच्या संध्याकाळी खिडकीशी बसावे. आपल्याला सहज सुचते त्याच्या हे उलट आहे. समुद्रकाठी बहुधा थोडा तरी वारा असतो, पण स्लिगाकनला ओढ्याकाठच्या दलदलीमुळे यांचा उपद्रव अधिक जाणवतो. त्यामुळे तिथे ज्येष्ठांसाठी आतलेच टेबल धरून ठेवावे. डोक्यावरून घ्यायच्या जाळ्या आणि अंगाला लावायचे औषध पोर्ट्री या बेटावरच्या मुख्य गावातल्या दुकानांत मिळते. पावसाळी जाकीट मात्र प्रत्येकाकडे हवेच. ऊन पाहून बाहेर बसलात आणि तासाभरात सर आली, हे स्कायवर नित्याचे आहे.

सासूबाईंसाठी काळजी करू नका. या खानावळींत चहा, कॉफी, सूप, स्कोन सहज मिळतात आणि मद्य न घेणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्या शाकाहारी असतील, तर आरक्षण करतानाच तसे कळवावे.

कर्वेनगरकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभारी आहे. दोन मुक्काम कारबोस्टला आणि नंतर स्टाइनला, असा बेत जवळजवळ ठरला आहे. मिजेसचा मजकूर वाचून स्लिगाकनला फक्त दुपारी थांबू आणि सासऱ्यांना ग्लामेग दाखवू. आता दोनच गोष्टी विचारायच्या राहिल्या. एखादा दिवस असा आखता येईल का, की गाडी जागेवर ठेवून माझ्या पतींनाही सासऱ्यांबरोबर डिस्टिलरीत बसून चव घेता येईल? आणि बाटल्या कुठून घ्याव्यात?

उत्तर: लीथकर

येईल, आणि त्याचे उत्तर रासे हे शेजारचे बेट आहे. मी ते आधीच लिहायला हवे होते इतके ते तुमच्या गरजेला साजेसे आहे. स्लिगाकनच्या पूर्वेला स्कॉन्सरहून रासेला फेरीबोट जाते आणि साधारण 25 मिनिटांत पोहोचवते. रासेची डिस्टिलरी 2017 मध्ये सुरू झाली. बंदरापासून ती पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे, वाट सौम्य चढाची आहे आणि डिस्टिलरीच्याच आवारात राहण्याच्या खोल्या आहेत. म्हणजे स्कॉन्सरला गाडी लावायची, पायी बोटीत बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच परत यायचे. सासऱ्यांना ती वाटही नको असेल, तर गाडी बोटीतून पलीकडे न्यावी आणि पोहोचल्यावर किल्ली खोलीत ठेवून द्यावी.

कूलिन उत्तम कुठून दिसते, असे मला कोणी विचारले तर मी स्कायच्या बाहेरून, असेच सांगेन, आणि रासे ही त्यासाठी अगदी योग्य जागा आहे. स्कायवर असताना आपण त्या डोंगरांच्या पायाशी असतो आणि एका वेळी दोन-तीन शिखरे दिसतात. रासेच्या काठावरून मध्ये सामुद्रधुनीचे पाणी, त्यामागे ग्लामेगचा गोल माथा आणि त्याच्या पाठीमागे काळी रांग, असे सगळे एकत्र समोर येते. इथली व्हिस्की हलक्या पीटची, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या धुराचा सौम्य वास असलेली, आणि फळांच्या अंगाची असते, त्यामुळे टॅलिस्करनंतर ती घेतल्यास फरक स्पष्ट जाणवतो; जिनही तयार होते. बंदराजवळच रासे हाउस आहे, जिथे 1773 मध्ये इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सन आणि त्यांचे चरित्रकार जेम्स बॉसवेल पाहुणे म्हणून राहिले होते, आणि तिथूनही हेच दृश्य दिसते. मात्र रविवारी फेऱ्या कमी असतात, म्हणून हा मुक्काम आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवा आणि खोल्या आजच पाहा, कारण जूनमध्ये त्या फार लवकर भरतात.

बाटल्यांविषयी: डिस्टिलरीत फक्त तिथेच विकली जाणारी एखादी बाटली असते, तेवढी तिथून घ्यावी. नेहमीची टॅलिस्कर 10 तुम्हाला पोर्ट्रीच्या सुपरमार्केटमध्ये किंवा विमानतळावरही मिळेल. स्कॉटलंडमध्ये दुकानांतून मद्य सकाळी 10 ते रात्री 10 याच वेळेत विकले जाते, हे ध्यानात ठेवा. भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. इथली बाटली 700 मिलिलिटरची असते, म्हणजे माणशी दोन बाटल्या आरामात बसतात आणि तिसरी घेतली, की मर्यादा ओलांडली जाते.