मदत हवी आहे: स्दोक काक थोम शिलालेखाचा देवनागरी पाठ

नमस्कार मंडळी. ख्मेर राजा दुसरा जयवर्मन इ.स. 802 मध्ये महेंद्रपर्वतावर, म्हणजे आजच्या कंबोडियातील फ्नॉम कुलेनवर, चक्रवर्ती झाला असं मानतात. हिरण्यदाम नावाच्या ब्राह्मणाने विधी सांगितला आणि शिवकैवल्य हा देवराजाचा (राजसत्तेशी जोडलेल्या देवतेचा) पुरोहित झाला, ही हकीकत स्दोक काक थोम (आजच्या थायलंडमधलं, कंबोडियाच्या सीमेजवळचं मंदिर) इथल्या शिलालेखात येते. पण लेख अकराव्या शतकातला, तोही त्याच पुरोहित घराण्याचा! घराण्याचा मान वाढवण्यासाठी किती भर घातली असेल, हे मूळ शब्द वाचूनच ठरवावं असं मला वाटतं.

लेखाचा संस्कृत भाग देवनागरीत कुठे छापलेला मिळेल? ख्मेर भागाचा अनुवाद मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत चालेल, फ्रेंच मला येत नाही. पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात कोणी पाहिला असल्यास कृपया सांगा.